गाठ जमिनीशी आहे

१९३५ सालच्या डिसेंबरच्या ३० तारखेस, उत्तररात्री पावणेतीनच्या सुमारास, आंत्वान द सेंतेक्झ्युपेरी या फ्रेंच वैमानिकाचे ‘कोद्रों सिमून’ जातीचे लहानसे विमान ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगाने इजिप्तच्या पश्चिमेकडील वाळवंटातल्या एका पठारावर आदळले. विमानात माणसे दोनच. एक तो स्वतः आणि दुसरा त्याचा यांत्रिक आंद्रे प्रेव्हो. पॅरिसहून सायगावला जाण्याचा आंद्रे जापी याने नुकताच प्रस्थापित केलेला विक्रम वर्षाअखेरीपूर्वी जो मोडील त्यास दीड लाख फ्रँकचे इनाम जाहीर झाले होते, आणि वर्ष संपावयास दोनच दिवस उरले असता ही जोडी पॅरिसहून निघाली होती. बेनगाझी सोडल्यावर खाली ढगांचा थर लागला, वाऱ्याचा अंदाज चुकला, वजन वाचविण्यासाठी बिनतारी यंत्र बरोबर घेतलेले नव्हते, आणि नाईल नदी मागे पडली की अजून पुढेच आहे हे ताडून पाहण्यास कोणतेही साधन हाती उरले नाही. तेव्हा एखादा दिवा दिसेल या आशेने उंची कमी करीत करीत हे विमान, खाली जमीन आली आहे हे वैमानिकास कळण्यापूर्वीच, जमिनीस येऊन भिडले. आता स्फोट होणार म्हणून तो क्षणभर वाट पाहत राहिला. स्फोट झाला नाही. दोघे खिडकीवाटे बाहेर उड्या टाकून काही पावलांवर जाऊन उभे राहिले, तेव्हा प्रेव्होच्या गुडघ्यास मार बसला होता, एवढीच काय ती नोंद घेण्याजोगी दुखापत.

अशी हकीकत आपल्याकडील वर्तमानपत्रात आली की तिचा मथळा आधीच ठरलेला असतो. ‘दैव बलवत्तर म्हणून’ अशी सुरुवात करावयाची, ‘देव तारी त्याला कोण मारी’ असा शेवट करावयाचा, आणि मधल्या जागेत वैमानिकाचे नाव, गाव व वय घालावयाचे, ही पद्धत इतकी रूढ झालेली आहे की वाचणाराही ती बातमी वाचून संपविण्यापूर्वीच मान हलवून मोकळा होतो. दैवाचा वाटा नाकारण्याचे धाडस प्रस्तुत लेखक करणार नाही. परंतु या वाक्याने एक मोठे नुकसान होत आलेले आहे ते असे की, ते उच्चारताक्षणी प्रकरणाचे दप्तर बंद होते, आणि ज्या गोष्टींचा रीतसर पंचनामा होऊन पुढच्या माणसास उपयोग व्हावयाचा त्या गोष्टी आत तशाच पडून राहतात. जे मेले त्यांची चौकशी सर्व देशांची सरकारे कसोशीने करितात; जे वाचले ते का वाचले, हा प्रश्न विचारण्यास माणसाने पुष्कळ काळ घालविला.

सेंतेक्झ्युपेरीच्या बाबतीत हा प्रश्न विचारून पाहिला तर उत्तराचा एक भाग त्याच्याच लेखणीतून मिळतो. पठार किंचित चढते होते, विमान त्यास जवळजवळ समांतर येऊन लागले, आणि जमिनीवर सर्वत्र वाटोळे काळे खडे पसरलेले असल्यामुळे विमानाचे पोट त्या खड्यांवरून सरपटत सुमारे अडीचशे मीटर गेले. पुढचा हिशेब शाळेतील पदार्थविज्ञानाचा आहे. ताशी २७० किलोमीटर म्हणजे सेकंदास ७५ मीटर. हा वेग २५० मीटरांत शून्यावर आणावयाचा तर शरीरावर पुढच्या दिशेने येणारा सरासरी जोर हा स्वतःच्या वजनाहून थोडासाच अधिक भरतो. हेच विमान एखाद्या कड्यावर लागून दोन मीटरांत थांबले असते तर तो जोर वजनाच्या जवळजवळ दीडशेपट झाला असता, आणि त्याचे ‘छोटा राजकुमार’ हे पुस्तक जगाला लाभले नसते. वेग तोच, माणसे तीच, रात्र तीच. फरक काय तो थांबण्यास मिळालेल्या अंतराचा. अमेरिकेच्या विमान खात्याने वैमानिकांसाठी छापलेल्या पुस्तकात हाच हिशेब अधिक नेमक्या रूपात दिलेला असतो: ताशी ५० मैलांचा वेग, शरीरास सोसवेल अशा नऊपट जोराने एकसारखा कमी होत गेला, तर थांबण्यास अवघे ९.४ फूट पुरतात. वेग दुप्पट म्हणजे १०० मैल झाला तर ३७.६ फूट लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. विमान पडण्याच्या प्रसंगी ज्याला हे दोन आकडे आठवतील, त्याला दुसरे फारसे काही आठवण्याची गरज नाही, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल; पण फार मोठी होणार नाही.

मात्र हा हिशेब कोणा शास्त्रज्ञाने शांतपणे बसून मांडला असे समजू नये. पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत ह्यू डीहेवन नावाचा एक अमेरिकन तरुण, ब्रिटिशांच्या वायुदलाच्या कॅनडातील शाखेत शिकाऊ वैमानिक म्हणून दाखल झाला होता. सरावाच्या वेळी त्याच्या विमानाची दुसऱ्या विमानाशी हवेतच टक्कर झाली आणि सुमारे पाचशे फुटांवरून तो खाली आला. दोन्ही पाय मोडले. यकृत, स्वादुपिंड व पित्ताशय फाटले. आणि तरीही तो जगला. इस्पितळात त्यास सांगण्यात आले की तुझे नशीब थोर. कोणाही सामान्य माणसाने हे ऐकून हात जोडले असते. डीहेवनने मात्र पडल्या पडल्या दोन गोष्टींचा विचार केला. पहिली अशी की, विमानाचा चुराडा झाला तरी तो जेथे बसला होता ती बैठक बरीचशी शाबूत राहिली होती. दुसरी अशी की, त्याच्या पोटातील इजा नेमक्या त्याच ठिकाणी झाल्या होत्या, जेथे कंबरपट्ट्याच्या कडीचे टोकदार तोंड पोटास टेकत होते. म्हणजे ज्या पट्ट्याने त्यास वाचविले, त्याच पट्ट्याच्या कडीने त्यास जवळजवळ ठार केले होते; आणि या दोहोंपैकी कोणतीही गोष्ट विधात्याने घडविलेली नसून कारखान्यात घडविलेली होती.

हा मुद्दा त्याने वरिष्ठांपुढे मांडला तेव्हा त्याची बोळवण करण्यात आली, यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. पुढे तो यंत्रांच्या शोधांकडे वळला, वर्तमानपत्रांचे गठ्ठे आपोआप बांधणाऱ्या यंत्रावर त्याने पैसा मिळविला, आणि पोटापाण्याची विवंचना मिटल्यावर तो पुन्हा आपल्या जुन्या प्रश्नाकडे आला. उंचावरून पडून वाचलेल्या माणसांच्या हकिकती त्याने गोळा केल्या. कोणी खिडकीतून पडले, कोणी गच्चीवरून उडी घेतली. पडण्याची उंची पन्नास ते दीडशे फूट. तो त्या त्या जागी जाऊन माणूस जेथे आपटला तेथे पत्रा किती वाकला, ताज्या खणलेल्या मातीत किती इंचांचा खड्डा पडला, हे मोजून येई. या मोजमापांवरून त्याने १९४२ साली एक निबंध प्रसिद्ध केला आणि दाखवून दिले की मानवी शरीराची सहनशक्ती आपण समजतो त्याच्या कितीतरी पट अधिक आहे; अट एवढीच, की आघात अंगाच्या विस्तृत भागावर वाटला जावा आणि थांबण्यास थोडे तरी अंतर मिळावे. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधील कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात अपघातातील दुखापतींच्या अभ्यासाचे स्वतंत्र कार्य त्याने सुरू केले, आणि लहान विमानांच्या अपघातांचे तपशील ठिकठिकाणांहून त्याच्या दप्तरात जमा होऊ लागले.

याच माणसाने आपल्या घरी रबराच्या थरांवर अंडी टाकून पाहिली होती. त्याचे म्हणणे असे होते की, मालाची पाठवणी करणारा कोणताही कारकून जे चार नियम पाळतो ते विमान बांधणारे पाळीत नाहीत: पेटी फुटून आतला माल सांडता कामा नये, पेटी ठिसूळ पदार्थाची असू नये, आतला माल हलणार नाही असा जखडलेला असावा, आणि पेटीच्या आतल्या बाजूस मऊ अस्तर असावे. अंड्यांच्या करंड्यास जी काळजी मिळते ती वैमानिकास का मिळू नये, हा प्रश्न इतका साधा आहे की तो विचारण्यास मोठ्या धैर्याची गरज पडली असली पाहिजे. १९५० साली टेक्ससमध्ये फ्रेड वाइक या अभियंत्याने पिकांवर औषध फवारणारे ‘एजी-१’ नावाचे विमान बनविले, त्यात डीहेवनची ही तत्त्वे उतरली. वैमानिकाची बैठक उंच व मागे, आणि औषधाची जड टाकी त्याच्या पुढे. म्हणजे विमान नाकावर आपटले तर टाकी येऊन वैमानिकाच्या पाठीवर कोसळावयाची नाही, आणि त्याच्यापुढे चुरडून जाण्यास पुष्कळ सांगाडा शिल्लक राहावयाचा. कंबर आणि खांदा ही दोन्ही आवळून धरणाऱ्या पट्ट्याचे एकस्वही डीहेवन व रॉजर ग्रिसवोल्ड या दोघांच्या नावे १९५५ साली नोंदले गेले. व्होल्व्हो कंपनीच्या निल्स बोलिन याने १९५९ मध्ये त्याचे जे सुधारलेले रूप मोटारीत आणले, ते आज मुंबई-पुणे रस्त्यावर प्रत्येकाच्या छातीवर असते, निदान असावे असा कायदा आहे.

आपल्या देशातील एक दाखला येथे दिल्यावाचून राहवत नाही, जरी ते विमान लहान नव्हते. १९७७ च्या नोव्हेंबरच्या ४ तारखेस, तत्कालीन पंतप्रधान मोरारजी देसाई यांना घेऊन जाणारे वायुदलाचे ‘टीयू-१२४’ विमान आसामात जोरहाट येथे उतरण्याच्या प्रयत्नात असताना, धावपट्टीपासून काही अंतरावर टेकेलागाव या खेड्यालगत शेतात कोसळले. जुन्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री राहिलेले मोरारजीभाई तेव्हा ऐंशी वर्षे ओलांडलेले होते. ते व त्यांच्याबरोबरचे प्रवासी जिवंत बाहेर आले. विंग कमांडर क्लॅरेन्स डिलिमा व त्यांचे चार सहकारी, असे पुढच्या भागात बसलेले पाचही हवाई कर्मचारी मृत्यू पावले. पंतप्रधान वाचले हे दैव, असे तेव्हा घरोघरी म्हटले गेले. पेटीचा पुढचा भाग आघात पिऊन टाकतो आणि मागचा भाग शाबूत राहतो, हे डीहेवनचे गणित त्या शेतात पाच माणसांच्या प्राणांचे मोल देऊन पुन्हा एकदा सिद्ध झाले होते. आणि ज्यांची नावे आपल्या स्मरणात असावयास हवी होती ती नावे आज शंभरांत एकालाही सांगता येणार नाहीत.

आता लहान विमानाच्या बैठकीत जाऊन बसू. चार आसनांचे, एका इंजिनाचे, शिकाऊ वैमानिकांच्या हाती देतात तसले विमान तीन हजार फुटांवर आहे आणि इंजिन बंद पडले. असे विमान दगडासारखे खाली येते ही समजूत चुकीची आहे. ठराविक वेगाने सोडले तर ते एक फूट खाली येताना सुमारे नऊ फूट पुढे जाते, म्हणजे तीन हजार फुटांवरून आठ किलोमीटरांचा टप्पा आणि चार मिनिटांचा अवधी हाती असतो. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात ज्यांनी शिक्षण घेतले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. कारण ग्लायडर प्रत्येक वेळी इंजिनावाचूनच उतरते. त्या चार मिनिटांत करावयाच्या गोष्टींचा क्रम शिक्षक विद्यार्थ्याच्या अंगवळणी पाडून घेतो. प्रथम विमानाचे नाक योग्य कोनात ठेवून तो ठराविक वेग पकडावयाचा. मग वारा कोठून आहे हे धूर, झाडे, तळ्यावरच्या लाटा पाहून ठरवावयाचे आणि शेत निवडावयाचे. मग इंधनाचा खटका, मिक्श्चर (हवा-इंधनाचे प्रमाण), मॅग्नेटो (इंजिनास ठिणगी पुरविणारे यंत्र) यांची तपासणी. इंजिन पुन्हा लागलेच तर बरे. मग १२१.५ मेगाहर्ट्झवर तीनदा ‘मेडे’ ही संकटाची हाक, आणि ट्रान्स्पाँडरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर, ७७०० हा संकटाचा आकडा. जमीन जवळ आल्यावर इंधन बंद, फ्लॅप हवे तेवढे खाली सोडून झाल्यानंतर मुख्य विद्युत खटका बंद, खांद्याचे पट्टे आवळलेले, आणि दाराची कडी काढून दार किंचित उघडे. कारण आदळल्यानंतर सांगाडा पिळवटला की बंद दार उघडत नाही आणि आतला धडधाकट माणूस आतच अडकतो.

शेत निवडणे ही यातली खरी विद्या. आपल्या देशावरच्या वैमानिकास हे ऋतूप्रमाणे शिकावे लागते. ज्वारी काढून नेल्यावर उरलेले सपाट रान पाहुण्यासारखे स्वागत करील. पण तेच रान पावसाळ्यात नांगरलेले असेल तर चाके काळ्या चिखलात रुतून विमान उलटे होईल, म्हणून तेथे उतरणे भागच पडले तर तासांच्या दिशेने उतरावे, तासांना आडवे कधीही उतरू नये. उसाचा फड वरून गालिच्यासारखा भासतो आणि माणसाहून उंच असतो. तेथे ऊस हीच जमीन असे धरून अगदी कमी वेगाने टेकावे लागते. कोकणातील भातखाचरे दिसावयास साजिरी, परंतु दर काही हातांवर बांध. आणि विजेच्या तारा वरून दिसतच नाहीत, त्यांचे खांब दिसतात. तेव्हा खांबांची रांग हुडकावी आणि दोन खांबांच्या मध्ये तार आहेच असे समजून चालावे. वाऱ्याचा हिशेबही क्षुल्लक नव्हे. ५० नॉट वेगाने उतरणारे विमान १५ नॉट वाऱ्याला सामोरे उतरले तर जमिनीशी त्याचा वेग ३५ उरतो, पाठीवर वारा घेऊन उतरले तर ६५ होतो; आणि आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे या दोन उतरण्यांत तिपटीहून अधिक तफावत पडते. दिशा निवडण्याच्या एका निर्णयात एवढे सामर्थ्य असते.

पण या सर्व ज्ञानावर मात करणारा एक मोह आहे, आणि जाणत्या शिक्षकांनी तो ग्रंथांत नोंदवून ठेवला आहे: विमान वाचविण्याचा मोह. विमान महागडे असते; कधी ते कर्जाचे, कधी क्लबचे, कधी मालकाचे असते, आणि उद्या त्याबद्दल कैफियत द्यावी लागणार हा विचार वैमानिकाचा हात धरून बसतो. म्हणून तो समोरचे खडबडीत पण सरळ शेत टाकून मागच्या धावपट्टीकडे वळू पाहतो, वळताना वेग घालवितो, आणि विमान एका पंखावर कलंडून कोसळते. उड्डाण करताच इंजिन बंद पडल्यावर मागे वळण्याच्या या एका प्रयत्नाने जितके बळी घेतले आहेत तितके समोरच्या शेताने घेतलेले नाहीत. पंख, चाके, शेपूट ही सर्व खर्च करावयाची वस्तू आहे. दोन झाडांमधून विमान नेऊन दोन्ही पंख झाडांना अर्पण करावे आणि माणसे असलेली मधली पेटी सावकाश थांबू द्यावी, असे शिकविताना शिक्षक कचरत नाहीत. ज्याने इंजिन बंद पडताच ते विमान मनातल्या मनात विमा कंपनीच्या नावे करून टाकले, तो वाचण्याची शक्यता अधिक.

वाळवंटातील दोघांना आपण उभे करून ठेवले आहे. त्यांचे विमान थांबले तेव्हा त्यांची परीक्षा संपलेली नव्हती, तिला आरंभ झाला होता. कारण पाण्याची टाकी फुटून सर्व पाणी वाळूत गेले होते आणि थोडी कॉफी, थोडी वाइन, काही द्राक्षे आणि एक संत्रे एवढ्यावर दोघांना राहावयाचे होते. सेंतेक्झ्युपेरी आणि प्रेव्हो यांनी पहाटे पंखांवरचे दव फडक्याने पुसून पिळले, निघाले ते रंग आणि तेल मिसळलेले चमचाभर पाणी. पुढे पॅराशूटचे कापड रात्रभर पसरून त्यावर दव गोळा केले, तर त्या पाण्याने ओकाऱ्या झाल्या. ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्यात नेहमीपेक्षा अधिक ओलावा होता, म्हणूनच आपण इतके तग धरू शकलो, असे त्याने पुढे लिहिले आहे. विमानाभोवती चकरा मारून, भास पाहून, परत येऊन, शेवटी ते विमान सोडून पूर्व-ईशान्येस चालू लागले. ही दिशा का? तर आपला मित्र ग्वियोमे अँडीजमध्ये पूर्वेस चालत सुटला होता, म्हणून. यापेक्षा अधिक सबळ कारण त्या वेळी त्याच्यापाशी नव्हते. चौथ्या दिवशी उंटावरच्या एका बेदुइनाने त्यांना पाहिले आणि पाणी दिले. वादी नत्रून येथील मिठागरे तेथून फार दूर नव्हती.

आंरी ग्वियोमेची ती हकीकत १९३० सालची. टपाल घेऊन सान्तियागोहून मेंदोसाकडे, म्हणजे चिलीतून आर्जेंटिनात, तो आपल्या ९२ व्या वेळी अँडीज पर्वत ओलांडीत होता. तारीख १३ जून, वार शुक्रवार. तिकडे तो ऐन हिवाळा. हिमवादळाने त्याचे ‘पोते २५’ विमान खाली दाबीत आणले, लागुना देल दियामांते या तळ्याभोवती तो घिरट्या घालीत राहिला, आणि शेवटी तळ्याकाठी उतरताना विमान बर्फात उलटले. भुसभुशीत बर्फाने त्याला वाचविले. वादळात उभे राहता येईना, तेव्हा विमानाखाली बर्फ खणून, टपालाच्या थैल्या अंगाभोवती घेऊन त्याने दोन दिवस काढले. मग तो निघाला आणि पाच दिवस, चार रात्री चालला. पाय सुजत गेले तसतसे तो चाकूने बुटांचे चामडे कापून त्यांना जागा करून देत होता. झोपला की मेला, हे त्याला पक्के ठाऊक होते.

या चालण्याच्या मध्यावर जे घडले त्यास साहित्यिक मंडळी प्रेमाची कथा म्हणतात, आणि ती आहेच. परंतु तिचा गाभा दप्तरी आहे. तो एका उतारावर पडला आणि उठावेसे वाटेना. मरण सोपे वाटू लागले. तेव्हा त्याला पत्नीची आठवण झाली आणि पाठोपाठ आपल्या विम्याची. फ्रेंच कायद्याप्रमाणे प्रेत सापडले नाही तर माणूस बेपत्ता समजला जाई, आणि कायद्याने मृत ठरून विम्याची रक्कम मिळण्यास चार वर्षे जात. या उतारावर पडलो तर उन्हाळ्यात बर्फ वितळताना देह दरीत वाहून जाईल. पुढे पन्नास मीटरांवर एक खडक दिसतो, तेथवर गेलो तर देह अडकून राहील आणि सापडेल, एवढ्या हिशेबाने तो उठला. उठला तो पुढे आणखी तीन दिवस आणि दोन रात्री चालत राहिला. धैर्याच्या ज्या व्याख्या आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो त्यांपैकी एकीतही विमा कंपनीच्या कलमाचा उल्लेख नाही, आणि म्हणूनच मला हा प्रसंग खरा वाटतो. शेवटी चौदा वर्षांचा एक मुलगा त्यास भेटला. शोधासाठी त्या दिवसांत सेंतेक्झ्युपेरी स्वतः विमान घेऊन दऱ्यांतून फिरत होता. ग्वियोमेला तो वरून जाताना दिसलाही, त्याला मात्र ग्वियोमे दिसला नाही.

पांढऱ्या डोंगरावर एक माणूस वरून दिसत नाही, विमान दिसते. म्हणून आजचा नियम ग्वियोमेच्या उलट आहे: निश्चित ठाऊक असलेली वस्ती जवळ नसेल तर विमान सोडून जाऊ नये. पण थांबून राहिलेल्यांनाही कोणी हुडकलेच पाहिजे. १९६७ च्या मार्च महिन्यात कॅलिफोर्नियातील ट्रिनिटी पर्वतात एक ‘सेसना १९५’ कोसळले. आत पती, पत्नी आणि सोळा वर्षांची मुलगी. तिघेही जखमी, तिघेही जिवंत. पती साह्य आणण्यास निघाला तो परत आला नाही. माय-लेकी विमानात राहिल्या. इतक्या थंडीत कोणी जगले नसेल असे समजून शोध थांबविण्यात आला, आणि मुलगी दैनंदिनी लिहीत राहिली. त्या वहीवरून त्या सुमारे चोपन्न दिवस जिवंत होत्या असे दिसून आले. विमान सापडले ऑक्टोबरमध्ये, एका शिकाऱ्याला. डीहेवनच्या दृष्टीने पाहिले तर ते सफल उतरणे होते. पेटी फुटली नव्हती, माल शाबूत होता. तो कोठे आहे हे मात्र कोणाला ठाऊक नव्हते. १९७० मध्ये अमेरिकेने कायदा करून लहान विमानांत आपत्कालीन संदेश पाठविणारे स्वयंचलित यंत्र सक्तीचे केले, त्यामागे ती वही होती.

यंत्राचा संदेश ऐकण्यासाठी वरून एखादे विमान जावे लागे, ही त्यातील उणीव. ती उपग्रहांनी भरून काढली. सोव्हिएत संघ, अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्स यांनी, शीतयुद्ध चालू असतानाच, ‘कोस्पास-सारसॅट’ ही संयुक्त योजना उभारली. तिचा पहिला उपग्रह सोव्हिएत रशियाने १९८२ च्या ३० जून रोजी सोडला, आणि त्याच वर्षी १० सप्टेंबरला कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरात पडलेल्या एका छोट्या विमानाचा संदेश त्याने पकडून तीन माणसांचे प्राण वाचविले. एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून बसलेल्या दोन सत्तांनी तिघा अनोळखी माणसांसाठी एवढे केले, याची नोंद इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत क्वचितच आढळते. भारतही या योजनेत सामील असून तिचे आपल्याकडील नियंत्रण केंद्र बंगळूरला आहे. जुन्या १२१.५ मेगाहर्ट्झवरील संदेश उपग्रहांनी ऐकणे २००९ च्या १ फेब्रुवारीपासून बंद झाले; आता ते ४०६ मेगाहर्ट्झचेच ऐकतात, आणि प्रत्येक यंत्राच्या संदेशात त्याचा स्वतःचा क्रमांक असतो. तो क्रमांक ज्याच्या नावे नोंदलेला असेल त्यालाच पहिला दूरध्वनी जातो. नोंद नसेल, किंवा यंत्र विकल्यावर जुन्याच मालकाच्या नावे राहिली असेल, तर शोधपथक निघण्यापूर्वीचा मोलाचा वेळ पत्ता लावण्यात जातो.

वाचकांपैकी कोणाची मुले विमानविद्या शिकत असतील, कोणी हौसेने एखाद्या क्लबच्या विमानातून फेरी मारणार असतील, कोणाला कामानिमित्त भाड्याच्या लहान विमानाने जाण्याचा प्रसंग येत असेल, तर त्यांस एवढीच विनंती की, बसण्यापूर्वी वैमानिकास तीन गोष्टी संकोच न करता विचाराव्यात: खांद्याचा पट्टा आहे काय आणि तो आवळता येतो काय, ४०६ चे यंत्र आजच्या मालकाच्या नावे नोंदलेले आहे काय, आणि आपण कोणत्या मार्गाने केव्हा पोहोचणार हे जमिनीवरील कोणास लेखी दिलेले आहे काय. यावर जो वैमानिक रागावेल, त्याच्या विमानात बसू नये.